खापरपणजोबा फरार आहेत

अमेरिकेत लेकीकडे राहायला गेलेल्या निवृत्त मराठी माणसाची दुपार फार लांब असते. लेक-जावई कामावर, नातू शाळेत, बायको फोनवर पुण्याच्या बहिणीबरोबर आणि आपण खिडकीत. रस्त्याने कोणी चालत गेलं तर बघायचं. पण नेब्रास्कातल्या लिंकन शहराच्या आमच्या भागात कोणी चालतच नाही. एकदा एक माणूस दिसला तेव्हा मी बायकोला हाक मारून दाखवला. तो मीटर वाचायला आलेला निघाला.

अशा अवस्थेत शेजारचे गृहस्थ एका सकाळी कुंपणापाशी आले आणि म्हणाले, "तुम्ही जमिनीच्या दफ्तरात होतात म्हणे?"

"मोजणी खात्यात," मी छाती फुगवून म्हणालो. साखळी, प्लेन टेबल, हद्दीचे दगड आणि भांडणाऱ्या दोन भावांच्या मधोमध उभं राहून दोघांच्याही शिव्या खाणं, एवढ्यावर माझी सगळी नोकरी झाली. तिच्याबद्दल कोणी आपणहून विचारावं हे मायदेशातही कधी घडलं नव्हतं.

"मग तुम्हाला देवानेच पाठवलं," ते म्हणाले. "या, कॉफी घ्या."

ती कॉफी भलतीच लांबली.

गृहस्थ पंच्याहत्तरी ओलांडलेले, सहा फूट उंच, खणखणीत आवाजाचे. आमच्याकडे माणूस निवृत्त झाला की सोसायटीच्या कमिटीवर जातो. तिकडे तो पूर्वजांच्या मागे लागतो. यांना त्यांचे खापरपणजोबा हवे होते. गृहयुद्धात लढून आलेला माणूस, १८७३ मध्ये नेब्रास्काच्या उघड्या माळावर येऊन सरकारकडून जमीन घेतली, मातीचं घर बांधलं, कुळ वाढवलं. आमचे शेजारी म्हणजे त्याच्या पणतूचा मुलगा, खापरपणतू. ते बारा पुठ्ठ्याच्या खोक्यांचे धनी झाले होते, आणि त्यांच्या पत्नीला गाडी बाहेर पावसात उभी करावी लागत होती, कारण गॅरेजमध्ये खापरपणजोबा होते.

आडनाव इथे देत नाही. एक तर शेजारधर्म. दुसरं म्हणजे ते आडनाव नेमकं कुठलं, हाच सगळा वाद होता.

घरात चालत आलेली कथा मात्र ठाम होती. तीन भाऊ जहाजाने अमेरिकेत आले. एक उत्तरेला गेला, एक दक्षिणेला गेला, आणि एक पश्चिमेला. पुन्हा तिघांची गाठ पडली नाही. पुढे माझ्या लक्षात आलं की अमेरिकेतल्या निम्म्या घराण्यांची हीच कथा आहे. कुठेही दोन भाऊ किंवा चार बहिणी आलेल्या नाहीत. पूर्वेला कोणी गेलं नाही हे समजू शकतो, तिकडे समुद्र होता. पण तिघांतल्या एकालाही दुसऱ्याला पत्र टाकावंसं वाटलं नाही, एवढी एकी मी भावाभावांत पाहिली नव्हती.

कथेचं दुसरं कलम असं की खापरपणजोबांचं मूळ आडनाव भारदस्त जर्मन होतं, आणि एलिस बेटावरच्या कारकुनाने ते ऐकू न आल्यामुळे बदलून टाकलं.

"ते आले कधी?" मी विचारलं.

"१८४० च्या सुमारास. लहान होते."

"आणि एलिस बेटाचं ठाणं उघडलं कधी?"

"१८९२."

थोडा वेळ आम्ही दोघे कॉफी प्यायलो. त्या ठाण्यावरच्या कारकुनांवर हा आळ जगभर घेतला जातो. प्रत्यक्षात ते बिचारे बोटीवरून आलेली यादी पुढे ठेवून नावांवर खुणा करायचे. नावं बदलली ती येणाऱ्यांनी स्वतः, पुढे सवडीने, दुकानाच्या पाटीत बसावीत म्हणून. पण आपलं आडनाव आपल्याच आजोबाने बिघडवलं असं कोण म्हणेल? सरकारी कारकून त्यासाठीच असतो. मी तीच नोकरी केलेली असल्यामुळे मला ते लागलं.

तिसरं कलम, खापरपणजी चेरोकी राजकन्या होती. याबद्दल पुढे.

कामाला सुरुवात जनगणनेपासून झाली. अमेरिकेत १७९० पासून दर दहा वर्षांनी माणसं मोजतात. पण १८५० च्या आधी घरातल्या फक्त कर्त्याचं नाव लिहीत. बाकीच्यांचे वयानुसार रकान्यात आकडे. म्हणजे "दहा ते पंधरा वयाचे मुलगे, दोन." त्यातला एक आपला पूर्वज मानायचा. कुठला ते आपल्या मनावर. आणि गुलामांना तर नावच नव्हतं. १८५० आणि १८६० च्या त्यांच्या वेगळ्या याद्यांत मालकाचं नाव आणि खाली वय, लिंग, रंग. काळ्या कुटुंबांचा शोध १८७० च्या भिंतीवर येऊन आपटतो तो त्यामुळे. आमच्या खापरपणतूंना मात्र १८७० पासूनची माणसं हवी होती, आणि ती नावासकट हजर होती. हजर म्हणजे किती हजर, ते सांगतो.

खापरपणजी १८७० च्या गणनेत अठ्ठावीस वर्षांची आहे. १८८० मध्ये पस्तीस. १९०० मध्ये अठ्ठेचाळीस. १९१० मध्ये पंचावन्न. खापरपणतू हे आकडे माझ्यापुढे मांडून कपाळाला हात लावून बसले होते. मला त्यात काहीच अवघड वाटलं नाही. बाई दर दहा वर्षांत सात वर्षांनी वाढत होती, मधल्या वीस वर्षांत तर तेराच. पंचाईत थोरल्या मुलाची झाली. १८७० मध्ये आई त्याच्यापेक्षा सत्तावीस वर्षांनी मोठी होती, १९१० मध्ये चौदाच वर्षांनी. आणखी चार-पाच गणना मिळाल्या असत्या तर मुलाने आईला वयात मागे टाकलं असतं.

खापरपणजोबांची जन्मभूमीही अशीच फिरती. १८७० मध्ये पेनसिल्व्हेनिया, १८८० मध्ये ओहायो. ते वारल्यावर मुलांना 'वडिलांचं जन्मस्थान' विचारलं गेलं, तेव्हा १९०० आणि १९१० मध्ये मुलांनी अभिमानाने जर्मनी सांगितलं. मग पहिलं महायुद्ध झालं. नेब्रास्कात जर्मन असणं इतकं महागात पडू लागलं की १९१९ मध्ये राज्याने आठवी न झालेल्या पोरांना परकी भाषा शिकवायला कायद्याने बंदी केली. तो कायदा १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उडवला, पण मधल्या १९२० च्या गणनेत सगळ्या भावंडांचे वडील पुन्हा पेनसिल्व्हेनियात जन्मले. मेल्यानंतर सत्तावीस वर्षांनी माणसाने एवढा प्रवास केल्याचं दुसरं उदाहरण माझ्या माहितीत नाही.

"आणि १८९० ची गणना?" मी विचारलं.

खापरपणतूंचा चेहरा असा झाला की जणू मी घरातल्या कुणाच्या मृत्यूचा विषय काढला होता.

१८९० ची गणना जळाली. १९२१ च्या जानेवारीत वॉशिंग्टनमध्ये वाणिज्य खात्याच्या तळघरात आग लागली. काही जळालं, पुष्कळसं बंबाच्या पाण्याने भिजलं. सहा कोटींहून जास्त माणसांची नोंद. उरलेलं वाळवून ठेवतील की नाही? बारा वर्षं तो लगदा या टेबलावरून त्या टेबलावर फिरला आणि १९३३ च्या फेब्रुवारीत अमेरिकन काँग्रेसने तो नष्ट करायला मंजुरी दिली. आदल्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी राष्ट्रीय अभिलेखागाराच्या नव्या इमारतीची कोनशिला बसवली होती. कागद जपायची इमारत आज, कागद फेकायचा ठराव उद्या. आज त्यातली सहा हजारांच्या आसपास नावं उरली आहेत. हे ऐकून मला अमेरिकेत प्रथमच घरच्यासारखं वाटलं.

नावांच्या स्पेलिंगवर तोडगा म्हणून त्या देशात एक कोड निघाला. साऊंडेक्स. १९१८ चं पेटंट आहे. आडनावाचं पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर गाळायचे, सारख्या उच्चारांच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा. म्हणजे स्मिथ आणि श्मिट दोघेही एस-५३०. खापरपणतूंनी हौसेने माझ्या ओळखीची आडनावं मागितली. जोशी निघाले जे-२००. जोग निघाले जे-२००. मी ही बातमी घरी सांगितली. बायको माहेरची जोग. ती म्हणाली, "कोणाही कोडाने सांगितलं तरी आम्ही जोशी नाही." आणि फोन उचलून पुण्याला कळवलं.

मग जमिनीचा कागद आला, तो वॉशिंग्टनहून. इथे मात्र मी शेर होतो. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी २० मे १८६२ रोजी होमस्टेड कायद्यावर सही केली. एकवीस पूर्ण असलेल्या किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या कोणालाही, नागरिक असो वा होऊ इच्छिणारा, एकशेसाठ एकर जमीन. फी सगळी मिळून १८ डॉलर. अट एकच, पाच वर्षं तिथे राहायचं, घर बांधायचं, नांगर घालायचा. १८७२ मध्ये सैनिकांना सवलत मिळाली, लष्करातली वर्षं त्या पाचांतून वजा. एकशेसाठ एकर म्हणजे सहा हजार चारशे गुंठे. आमच्या तालुक्यात एवढ्या जमिनीवर तीनशे वारस, चाळीस दावे आणि दोन खून निघाले असते.

आणि तिथे बांधच नाही! सहा मैल लांब, सहा मैल रुंद असा चौक, त्याचे छत्तीस चौरस मैल, प्रत्येक चौरस मैलाचे चार तुकडे, एक तुकडा एकशेसाठ एकर. आधी मोजणी, मग माणसं. ओढा मध्ये आला तरी रेघ सरळ, टेकडी आली तरी रेघ सरळ. ज्या माणसाने जन्मभर 'चिंचेच्या झाडापासून पूर्वेस म्हशीच्या डबक्यापर्यंत' अशा हद्दी वाचल्या, त्याच्या डोळ्यांत तो नकाशा पाहून पाणी आलं. खापरपणतूंना वाटलं, मी त्यांच्या पूर्वजासाठी रडतोय. त्यांनी माझा हात दाबला. मी खुलासा केला नाही.

खापरपणजोबांच्या पुराव्यात दोन साक्षीदार होते. घर मातीचं, चौदा बाय वीस फूट, एक दार, दोन खिडक्या, एवढी एकर नांगरट, हे आपण डोळ्यांनी पाहिल्याचं दोघांनी शपथेवर सांगितलं होतं. मी सवयीने त्या दोघांचेही कागद बघायला सांगितले. त्यांच्या दाव्यांत साक्षीदार खापरपणजोबा. घरं तिन्ही चौदा बाय वीस. खिडक्या दोन-दोन.

"त्या काळी माणसं एकमेकांना मदत करत," खापरपणतू भारावून म्हणाले.

"आमच्याकडे अजून करतात," मी म्हणालो.

हौसेखातर आम्ही बिॲट्रिस गावाजवळच्या होमस्टेड स्मारकाला गेलो. तिथे डॅनिएल फ्रीमन नावाच्या सैनिकाची जमीन आहे. कायदा १ जानेवारी १८६३ ला अमलात आला आणि हा गडी मध्यरात्री बारा वाजून गेल्यावर काही मिनिटांतच अर्ज घेऊन उभा होता, असं सांगतात. रजा संपत आली होती म्हणून कारकुनाला विनवून कचेरी उघडायला लावली म्हणे. नववर्षाच्या रात्री बारा वाजता जमिनीची कचेरी उघडणारा कारकून! खरं तर स्मारक त्याचं हवं होतं.

या स्मारकाचा वाहनतळ बरोबर एक एकराचा आखलेला आहे, लोकांना एकर म्हणजे काय ते कळावं म्हणून. मी अर्थातच पावलांनी मोजला. माझ्या हिशेबाने साडेअडतीस गुंठे भरले. दीड गुंठा कुठे गेला म्हणून मी पुन्हा कडेकडेने चालू लागलो तेव्हा एक रेंजर बाई येऊन अत्यंत मायेने म्हणाली, "सर, तुमची गाडी सापडत नाहीये का?"

आत लबाड्यांच्या कथा ऐकायला मिळाल्या, त्या मला पाठ असल्यागत वाटल्या. बूट काढून त्यात '२१' आकडा लिहिलेला कागद घालायचा, वर उभं राहायचं आणि शपथ घ्यायची, "मी एकवीसच्या वर आहे." बारा बाय चौदाचं घर बांधलंय असं सांगायचं आणि फूट की इंच ते सांगायचं नाही. चाकांवरचं एकच खोपट आठवडाभर या शेतावर, आठवडाभर त्या शेतावर न्यायचं. मी हसलो तसे खापरपणतू गंभीर होऊन म्हणाले, "हे दुसऱ्या काऊंटीत."

परत येताना मी सहज धंद्याचा प्रश्न टाकला. "खापरपणजोबांच्या आधी सातबाऱ्यावर नाव कोणाचं?"

"सरकारचं."

"आणि सरकारच्या आधी?"

त्यांनी गाडीचा रेडिओ लावला. त्या भागात ओटो-मिसूरिया लोक राहत. १८५४ च्या कराराने त्यांनी बरीचशी जमीन सोडली, बिग ब्लू नदीकाठच्या एका तुकड्यावर सरकले, आणि १८८० च्या आसपास तिथूनही त्यांना आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं. एवढ्या मोठ्या बाडात हा एक फेरफार कुठेच नव्हता. बाकी रेडिओवर मक्याचे भाव लागले होते.

स्मशानात जाणं मात्र मी टाळू शकलो नाही. मक्याच्या शेतांच्या मधोमध वीसेक दगड, बहुतेक झिजलेले. अशा दगडावरची अक्षरं वाचायला आरसा लागतो. उन्हाची तिरीप बाजूने टाकली की अक्षर उठून दिसतं. खापरपणतू दगडासमोर गुडघे टेकून, मी मक्यात उभा, हातात लेकीच्या न्हाणीघरातला आरसा. शेजारून ट्रॅक्टर चाललेला. तो थांबला. शेतकऱ्याने बराच वेळ आमच्याकडे बघितलं.

"काही हरवलंय?"

"खापरपणजोबा," मी म्हणालो.

त्याने टोपी काढली. "माझेही," तो म्हणाला आणि ट्रॅक्टरवरून उतरला. मग तासभर ते दोघे आपापल्या आज्यांची माहेरं जुळवत बसले आणि मी आरसा धरून उभा.

घरी आलो तर बायको दारात. "कुठून आलात?"

"स्मशानातून."

"मग आत पाऊल टाकायचं नाही. अहो, त्यांनाही सांगा."

"ते अमेरिकन आहेत."

"सुतक नसेल त्यांना. पण आंघोळ तरी करू दे की."

तर नेब्रास्कातला तो सहा फुटी गृहस्थ आमच्या अंगणात बागेच्या नळीखाली उभा राहिला आणि वर म्हणाला, "किती सुंदर प्रथा आहे!" पुढे त्यांनी ती आपल्या वंशावळीच्या मंडळात सांगितल्याचं कळलं. एक-दोघांनी सुरूही केली म्हणे.

या मंडळाबद्दल एक सांगायला हवं. अमुक सालाच्या आत आपला पूर्वज इथे पोचला होता असं कागदोपत्री सिद्ध केलं तर 'पायोनियर' वंशज असल्याचं सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था तिकडे राज्याराज्यांत आहेत. ते चौकटीत घालून दिवाणखान्यात लावायचं. वंशजाने यात काय केलं हा प्रश्न विचारायचा नसतो. एका बाईंचा पूर्वज १८५५ मध्ये आला होता. सभेत त्या नेहमी पहिल्या रांगेत बसत आणि १८७३ वाल्यांच्या 'गुड मॉर्निंग'ला मान हलवून उत्तर देत. आणि ज्याचा पूर्वज १६२० मध्ये मेफ्लॉवरवरून उतरला, तो तर अशा सभांना येतच नाही. त्या बोटीवर प्रवासी एकशे दोन होते. आज त्यांचे वंशज म्हणवणारी माणसं बघता बोट बुडाली कशी नाही, हे कोडं आहे.

लोकांनी आधीच तयार केलेल्या वंशावळींत आम्ही खापरपणजोबांना शोधलं. सापडले. त्यांच्या आईचा जन्म १८४१ चा आणि त्यांचा १८३६ चा. ही चूक एकाने केली आणि बाकी सगळ्यांनी श्रद्धेने उतरवून घेतली होती. खापरपणतूंच्या एका चुलत भावाची वंशावळ तर थेट शार्लमेन बादशहापर्यंत पोचलेली. तिच्यातल्या एका सरदाराने मरणानंतर चार मुलांना जन्म दिला होता.

मग काऊंटीच्या इतिहासाचं जाडजूड पुस्तक हाती लागलं. १८८० च्या दशकात अशी पुस्तकं धडाधड निघाली. नेब्रास्काचं मोठं पुस्तक ए. टी. अँड्रियास यांनी १८८२ मध्ये शिकागोहून काढलं. त्या काळी असे ग्रंथ आगाऊ वर्गणीवर निघत. आपल्या चरित्रासाठी माहिती देणारे चरित्रनायक स्वतःच असत. परिणामी त्या माळावर राहणारा प्रत्येक माणूस कष्टाळू, सचोटीचा आणि पंचक्रोशीत आदरणीय निघाला. एकही आळशी नाही. दारू कोण पीत होतं कळायला मार्ग नाही. आमच्याकडचे गौरव अंक आणि अमृतमहोत्सवी स्मरणिका मी इतक्या वाचल्यात की भाषा लगेच ओळखली. खापरपणजोबांचं चरित्र अकरा ओळींचं होतं. त्यात १८७४ ची टोळधाड होती, ज्या टोळांनी पीक खाऊन वर अवजारांच्या लाकडी मुठी कुरतडल्या. सचोटी होती, सुस्वभावी पत्नी होती. ओहायोतल्या आयुष्यावर एकच वाक्य, "तेथे त्यांनी काही काळ व्यतीत केला."

माझ्या खात्यातल्या नाकाला त्या वाक्याचा वास आला. पण मी गप्प बसलो.

तेवढ्यात डीएनएची टूम आली. नळीत थुंकायचं आणि पाठवायचं. लेकीने मलाही एक नळी आणून दिली. आठवडे उलटल्यावर मला कळवण्यात आलं की मी दक्षिण आशियाई आहे. "शंभर डॉलर घालवले," बायको म्हणाली, "मला विचारलं असतंत तर फुकट सांगितलं असतं." खापरपणतूंच्या निकालात चेरोकी रक्त शून्य टक्के निघालं. चेरोकींमध्ये युरोपातल्यासारखे राजेच नव्हते तर राजकन्या कुठून येणार, हे मी सौम्य शब्दांत सुचवून पाहिलं होतं. त्यांच्या बहिणीने निकालच फेटाळला. गालाची हाडं आजीसारखी आहेत, यंत्र चुकलं, असं तिचं म्हणणं. पण निकालात आणखी एक गोष्ट होती. ओहायो राज्यातली नऊ अनोळखी माणसं यांची रक्ताची नातलग निघाली.

"उत्तरेला गेलेल्या भावाचे वंशज!" खापरपणतू आनंदाने ओरडले.

त्या दिवशी त्यांनी मला माझेही पूर्वज शोधून देण्याचं वचन दिलं. युटा राज्यात सॉल्ट लेक सिटीजवळ ग्रॅनाइटचा डोंगर पोखरून मॉर्मन पंथाने जगभरच्या वंशावळींच्या मायक्रोफिल्म ठेवल्यात. मेलेल्या पूर्वजांनाही मागाहून बाप्तिस्मा देता येतो अशी त्यांची श्रद्धा, म्हणून ही यातायात. आणि त्या डोंगरात हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांच्याही फिल्म आहेत. आपल्याकडच्या यात्रेकरूंनी पिढ्यान्‌पिढ्या ज्या लाल वह्यांत नावं लिहिली, त्या!

हे ऐकून बायको थक्क झाली. "म्हणजे आपली बेचाळीस कुळं उद्धरायची सोय इथेच आहे म्हणा की. दक्षिणा डॉलरमध्ये?"

शेवटी पेन्शनची फाईल आली. गृहयुद्धातल्या सैनिकांच्या विधवांना १८९० च्या कायद्याने महिना ८ डॉलर मिळत. खापरपणजोबा १८९३ मध्ये वारले आणि विधवेने अर्ज केला. अर्ज एकदम व्यवस्थित, पाद्र्याचं पत्र, शेजाऱ्यांच्या साक्षी. त्याखाली दुसरा अर्ज होता. तोही विधवेचा. तोही त्यांच्याच. ओहायोहून.

पेन्शन खात्याने रीतसर चौकशी अधिकारी पाठवून दोन्हीकडच्या शेजाऱ्यांच्या जबान्या घेतल्या होत्या. त्या मी मोठ्याने वाचल्या. खापरपणतू खाली बसले. पहिलं लग्न १८५८, तीन मुलं. १८६५ मध्ये सैन्यातून सुटून गडी घरी आला, पंधरा दिवस राहिला, सासूशी भांडला, आणि घोडा नालबंदाकडे नेतो म्हणून जो गेला तो गेलाच. घटस्फोट नाही. घोडाही नाही. बाईने लोकलाजेस्तव स्वतःला विधवा म्हणवायला सुरुवात केली. १८८० ची गणना मी पुन्हा काढली. ओहायोत तिच्यापुढे लिहिलंय, विधवा. त्याच वर्षी, त्याच सरकारच्या त्याच दफ्तरात, हा नेब्रास्कात बायको आणि पाच मुलांसह शेतकरी म्हणून नोंदलेला. एका राज्यात मेलेला, दुसऱ्या राज्यात नांगरणारा. महिना ८ डॉलर अखेर ओहायोला गेले.

खापरपणतूंच्या पत्नी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. गॅरेजकडे एक नजर टाकून त्या म्हणाल्या, "तो माणूस आठशे मैल दूर पळाला, मातीच्या घरात राहिला, टोळांना खाऊ घातलं, पण नातेवाइकांना पत्ता दिला नाही. आणि तुम्ही!"

ओहायोवाल्यांशी पत्रव्यवहार झाला. तेही वर्षानुवर्षं याच माणसाच्या शोधात होते. त्यांच्या घरातल्या कथेत तो १८६२ मध्ये अँटिटमच्या लढाईत झेंडा हातात घेऊन पडला होता. १८६३ आणि १८६५ मध्ये जन्मलेल्या त्याच्या मुलांबद्दल कोणी फार खोलात गेलं नव्हतं. गावच्या स्मशानात त्याच्या नावाचा दगडही होता. दर मे महिन्यात त्यावर छोटा झेंडा लागे. आता झेंडा लावायचा की नाही, यावर तिकडे दोन तट पडले. इकडे जुलैच्या कौटुंबिक मेळाव्यासाठी छापलेले टी-शर्ट तयार होते, पाठीवर दोघा नवरा-बायकोचे फोटो आणि खाली 'एका थोर जोडप्याची लेकरं'. खापरपणतूंची बहीण म्हणाली, ओहायोवाल्यांना बोलवायलाच हवं. धाकटा भाऊ म्हणाला, बोलावलं तर बटाट्याचं सॅलड कोणाच्या पद्धतीचं? टी-शर्टचं काय करायचं यावर मला विचारण्यात आलं. मी आमच्याकडच्या पद्धतीप्रमाणे 'वाद न्यायप्रविष्ट' अशी नोंद सुचवली.

सर्टिफिकेट मात्र त्यांना मिळालं. संस्थेचं म्हणणं, जमीन १८७३ ची आहे, बायका किती हा रकाना अर्जात नाही.

त्यानंतर काही दिवस खापरपणतू कुंपणाकडे फिरकले नाहीत. गॅरेजचं दार बंद. त्यांच्या पत्नींनी गाडी आत लावल्याचं मी खिडकीतून पाहिलं. मला चुटपुट लागली. म्हटलं, म्हातारा खचला. परतीचं तिकीट जवळ आलं होतं. निरोप घ्यायला मी आपणहून गेलो.

दार त्यांनीच उघडलं. चेहरा टवटवीत, हातात नवं कोरं पुठ्ठ्याचं खोकं.

"वडिलांची बाजू बंद केली," ते म्हणाले. "आता आईची बाजू. फार सज्जन माणसं, सगळे धर्मोपदेशक. बसा, कॉफी टाकतो."

"ती मंडळी आली कुठून?" मी दारातच उभं राहून विचारलं.

"वेल्समधून. तिघे भाऊ होते," ते डोळे मिटून म्हणाले. "एक उत्तरेला गेला..."